दूधकट्ट्यावरचा खड्डा

१२ जाने., सोम.
दूधकट्ट्यापाशी खड्डा झाला एकदाचा. खाली खडी, मग वाळू, वर माती. रस्त्यावरचं पावसाचं पाणी यातनं मुरणार. नमुना नॉर्वेच्या इंग्रिडबाईंचा. तिकडं बर्फ वितळून एकदम लोंढा येतो, इकडं पावसानं. त्यांचं विद्यापीठ नि आमचं कॉलेज मिळून अभ्यास. फोटो पाठवले. बाई खूश. मीपण हवेत.

१५ जाने., गुरु.
घोळ. खड्ड्याभोवती कुंपण घातलं तिथंच दादूमामा गवळी म्हशी बांधतात, धार काढून दूध विकतात. लहानपणापासनं त्यांच्या हातचं धारोष्ण दूध प्यायलो, तरी डोक्यात आलं नाही! खड्ड्याआधी गल्लीची सभा ठेवली होती, तीही संध्याकाळी सहाला, ऐन धारा काढायच्या वेळेला. एकही गवळी आला नाही. आणि मी बाईंना लिहून मोकळा: कुणाची हरकत नाही. शिकून काय दिवे लावले?

१९ जाने., सोम.
मामा म्हशी घेऊन पार नाल्याकडंला. तिथं घाण, गिऱ्हाईक फिरकंना. मी दुसऱ्या गल्लीनं कॉलेजला गेलो. भित्रा लेकाचा.
दुपारी इंग्रिडबाईंचा फोन. जागा वापरणाऱ्यांना आधी विचारलं होतं ना? हो म्हणालो. जीभ कशी रेटली…

२३ जाने., शुक्र.
जागा वापरणारे म्हणून बाईंना मामांशी बोलायचंच होतं. व्हिडिओ कॉल, दुभाषा मीच. शर्ट घामानं ओला. बाईंनी तेच विचारलं. मी मराठीत विचारलं, "मामा, खड्डा काढायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं का?"
मामांनी माझ्याकडं बघितलं. "इचारलं की! आमचंच पोरगं हाय न्हवं. बेस चाललंय म्हणावं."
ते इंग्रजीत मीच सांगितलं. माझ्याच तोंडानं. बाईंनी हात जोडले.
फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, "तुझं नाव खराब हुईल म्हणून बोललो. म्हशींचं काय ते आता तू बघ."
मान वर करवेना. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ जाने., शनि.
बाईंचा मेल. मामांचं बोलणं अहवालाच्या पहिल्या पानावर घालणार, दुसऱ्या शहरांनाही दाखवणार. चालेल ना?
सकाळपासनं लिहितोय, खोडतोय. खरं सांगितलं तर काम जाईल, ते जाऊ दे, पण मामा बाईंपुढं खोटे पडतील. गप्प बसलो तर म्हशी नाल्यावरच. मामांना विचारून मग लिहावं? की यावेळी तरी सरळ खरं लिहून मोकळं व्हावं…
'डिअर इंग्रिड' एवढंच झालंय.