बेसचा आखूड पट्टा

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या बेस गिटारचा पट्टा कोणीतरी आखूड केला. आमच्या बँडचा सराव सचिनच्या घरी होतो, म्हणून गिटार तिथंच असते. पण सचिन माझ्यापेक्षा उंच. त्याने घेतली असती तर पट्टा लांब झाला असता. मग कोण? त्यात, जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बमची नव्याने निघालेली रेकॉर्ड मी त्याच्याच पत्त्यावर मागवली होती, तिचंही प्लास्टिक फाडलेलं. मीच पहिल्यांदा उघडीन असं बजावलं होतं!

पट्टा चांगला वीतभर आखूड. एवढी बुटकी आमच्या ओळखीत एकच, शरयू. जिच्यापायी माझी झोप उडाली, ती याच्या घरी कशाला?

सचिनची कॉलरच धरली. "शरयू काहून येते इथं?"

"तिलेच विचार ना बे! मले कायले धरून राहिला?"

तिला फोन लावला. म्हणाली, "बेस शिकून राहिली मी. त्या रेकॉर्डवरूनच."

"मले काहून नाही सांगितलं?"

"पहिले तुलेच म्हटलं होतं शिकव म्हणून. तू सगळ्यांसमोर हसला."

हसलो होतो, खरं आहे. बँडमधले सगळेच हसले.

एकटा सचिन हसला नव्हता. तेव्हा लक्षात आलं नाही, आता तेच खुपून राहिलं.