सुरक्षा सप्ताहाचं स्टेज

२१ फेब्रुवारी २००५, सोमवार
आजपासून मी सेफ्टी ऑफिसर. शनिवारपर्यंत याच साइटवर स्टोअर सांभाळत होतो. कर्वेनगरात आयटी कंपनीसाठी सात मजली ऑफिस उठतंय. कंपनीवाल्यांनी विचारलं, इथे सेफ्टीचं कोण बघतं? बिल्डरसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माणसांची पारख आहे त्यांना.
संकल्प: वर्षभर एकही अपघात नाही. सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, मग उद्यापासून स्कूटरवर हेल्मेट घालून जा. पुण्यात तो विषय वेगळा आहे. बायकोला कोण समजावणार?

२४ फेब्रुवारी
राउंड घेतला. तळमजला आणि पहिला. वरचं सुपरवायझर माधव बघतो.
मैना नावाची बिगारी बाई भेटायला आली. वाशीमकडची. नवरा सुखदेव सहाव्या मजल्यावर सेंटरिंगला, स्लॅबच्या फळ्या ठोकायला आहे. तिचं म्हणणं, सहाव्यावरच्या लिफ्टच्या डक्टला काही आडच नाही, एखादा माणूस जाईल खाली. मी पद्धत समजावली. तक्रार लेखी हवी. तिला लिहिता येत नाही. निरक्षरता हेच अपघातांचं मूळ. यावर पोस्टर केलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी
डक्टला प्लाय लागले! माधव म्हणाला, सुखदेवनं जेवणाच्या सुट्टीत स्वतःच ठोकले. असेल. पण वातावरणनिर्मिती कोणाची?

३ मार्च
उद्यापासून सुरक्षा सप्ताह. पोस्टरं छापून आली, रंग जरा भडक. स्टेजला दोन प्लाय कमी पडले. माधवला म्हटलं, सहाव्यावरचे आण. तो म्हणाला, तिथे काम चालू आहे. मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तासाभरात प्लाय खाली आले. निर्णय घ्यायला कोणीतरी लागतं.

४ मार्च
कार्यक्रम झकास. हेल्मेटं चौदाच होती. पहिल्या रांगेला दिली, फोटो झाल्यावर परत घेतली. माझं भाषण बावीस मिनिटं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. फार दमलो. स्टेज उद्या मोडू.

५ मार्च, संध्याकाळ
सकाळी साडेअकराला सुखदेव डक्टमधून खाली पडला. लांब फळी घेऊन पाठमोरा सरकत होता. मागे आपणच ठोकलेले प्लाय आहेत, अशा समजुतीत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
मी स्टेजवरचे हार काढत होतो. आवाज ऐकून वाटलं, सिमेंटची गोणी पडली.
जिवंत आहे. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हे रिपोर्टमध्ये ठळक लिहिलं. शिस्त नाही लोकांना.

७ मार्च
हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. मणका गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता उभा राहणार नाही.
मैना बाहेर बाकावर बसली होती. आरडाओरडा करेल म्हणून मनाची तयारी करून गेलो होतो. तिनं एवढंच विचारलं, प्लाय कोणी काढले? मी म्हणालो, चौकशी चालू आहे. तिनं विचारलं, चौकशी कोण करतंय?
मी म्हणालो, मी.
बसची वेळ झाली, असं सांगून उठलो. खरं तर स्कूटर होती.

९ मार्च
चौकशीचा रिपोर्ट तीनदा लिहिला, तीनदा फाडला. सकाळी भिंतीला धरून सहाव्यावर गेलो. डक्ट तसाच उघडा. आडोसा लावायला कोणी सांगितलं नव्हतं. ते मीच सांगायचं होतं.
स्वतःच दोन बांबू आडवे बांधले, प्लाय ठोकले. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.