नीलेशच्या उंचीची कमान

मंगळवार, दापोडे

दुपारी नीलेशचा फोन. इतकी वर्षं मोटार रॅलीत माझ्या डावीकडच्या सीटवर बसून वळणं सांगणारा माणूस म्हणतो, "पोरगी लहान हाय, घरातून न्हाय बोलतात. तू दुसरा कोन तरी बघ." मी नुसतं बरं म्हटलं. भांडायला हवं होतं का?

गाडी उलटली तर डोकी वाचवणारी पाईपची कमान परवाच वाकवली, त्याच्या उंचीने. तो ताडमाड, मी बुटका. जोडाचा पाईप शिवणीवर फाटतो म्हणून बिनजोड घेतला, तोही त्याच्याच हट्टापायी.

संध्याकाळी नीलेशचं सांगितल्यावर वेल्डर सलीमभाई म्हणाला, "अभी सिर्फ टाके मारे हैं. वो नहीं बैठेगा तो काट के नीचे लेते हैं, वजन कम होगा." खरं होतं त्याचं. हेल्मेट घालून बसलो. वर चार बोटं जागा पुरते, माझा अख्खा पंजा उभा मावला.

"पक्कं मारा," म्हटलं. "याच उंचीवर."

तो गेल्यावर पुन्हा बसलो. पंजाभर जागा तशीच रिकामी. चावी फिरवली आणि सवयीने डावीकडे बघून विचारलं, "पट्टा लावलास?"