मधला ‘यू’

आई, आज वर्गात एका मुलीने फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘माय आंटी पुट अप अस इन लखनौ.’ मावशीने लखनौला आम्हाला आपल्या घरी उतरवून घेतलं, असं तिला म्हणायचं होतं. मी ‘अस’ पुसला आणि ‘पुट’ आणि ‘अप’ यांच्या मधोमध लिहिला. "मैडम, बीच में क्यों?" तिने विचारलं. हा नियम मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. आजही सांगितला, की तो, ती, तू असं सर्वनाम असेल तर ते मागे ठेवायचं नाही, मधेच घ्यायचं. पण सांगता सांगता तू समोर उभी राहिलीस, हाताला कणीक लागलेली, आणि मला वर्गाबाहेर येऊन जरा थांबावं लागलं. तुला जाऊन इतका काळ लोटला, तरी त्या दिवसाचं आश्चर्य काही कमी होत नाही.

मी तेव्हा नववीत होते. काशीत दूधविनायकच्या आपल्या घरात वरच्या खोल्यांत महाराष्ट्रातून आलेले यात्री उतरत. बाबा त्यांना दशाश्वमेधावर नेऊन त्यांचे विधी करून आणत आणि तू खाली त्यांचा स्वयंपाक करत असायचीस. मी उंबऱ्याशी बसून इंग्रजीचे शब्द मोठ्याने पाठ करायची. इंग्रजी तुला येत नव्हतं, शाळेत तू ते शिकलीच नव्हतीस, पण कान तिकडेच. "पुट म्हणजे?" तू विचारलंस. ठेवणे, मी म्हटलं. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. तुझं लाटणं थांबलं. "शब्द एकच, आणि एवढ्याशा शेपटीनं सगळं फिरतं?" बाबा पानावर बसले होते. ते म्हणाले, "आपल्याकडे नाही का? आहार, विहार, संहार. आपली शेपटी पुढे लागते, त्यांची मागे." मग पुट अप आलं, पाहुण्याला घरी उतरवून घेणे. हे ऐकून तू फार खूश झालीस. "म्हणजे आपल्या कामाला इंग्रजांकडेही शब्द आहे," म्हणालीस. त्यानंतर रोजच चाललं. नाशिकची मंडळी पुट अप करायची आहेत, जरा जादा तांदूळ काढ.

त्याच उन्हाळ्यात ती आली. वडील मराठी, आई इंग्रज, जन्म विलायतेतला, वय असेल पंचविशीच्या आसपास. वडिलांच्या अस्थी घेऊन एकटी आली होती. पुण्याहून तिच्या काकांनी फोन करून बाबांना कळवलं होतं, म्हणून बाबाच तिला स्टेशनवरून घेऊन आले. मराठी नाही, हिंदी नाही. दुसऱ्या दिवशी अस्थी सोडायला नावेतून जायचं ठरलं होतं, पण सकाळी ती उठलीच नाही. अंग तापलेलं, ओठ सुकलेले. गल्लीतले डॉक्टर येऊन बघून गेले आणि टायफॉइड म्हणाले.

बाबा काळजीत पडले. ते निर्दय नव्हते, हे तुलाही ठाऊक होतं. "परक्या मुलखातली पोर, काही कमीजास्त झालं तर तिच्या लोकांना काय सांगायचं? हॉस्पिटलात सोडून येऊ," ते म्हणाले. "आणि अस्थी असताना घरात बाकीचे यात्री कसे उतरतील?" तू शांतपणे भाजी चिरत होतीस. "अहो, तिथे तिच्या उशाशी कोण बसेल? तिला कोणाची बोली तरी कळते का?" मग म्हणालीस, "आणि तिचे बाबाही राहू देत. अंगणाच्या खुंटीला टांगा तो कलश. लेक आजारी असताना बापाला कुठं पाठवता?" बाबा मग उठले, कलशाला नवीन लाल कापड बांधलं आणि खुंटीला टांगला. येणाऱ्या यात्रेकरूंची सोय त्यांनी दुर्गाघाटावर आपल्या आतेभावाकडे लावून दिली.

वरची खोली तापायची, म्हणून तू तिला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणलंस, तुझ्या स्वतःच्या पलंगावर. तू आणि मी खाली जमिनीवर. तू तिचं अंग पुसायचीस, तिने ओकलेलं उचलायचीस, आंघोळ करून पुन्हा चुलीपाशी यायचीस. सोवळ्याचं तू कोणाला काही विचारलं नाहीस, कोणी तुला सांगितलंही नाही. मऊ भातावर मेतकूट घालून तू चमच्याने भरवायचीस आणि ती लाजेने तोंड फिरवायची. एवढी शिकलेली, एकटी जग फिरलेली मुलगी, तिला परक्या बाईच्या हातून धुवून घ्यावं लागत होतं.

एका दुपारी तिने तुझा हात धरला आणि रडायला लागली. "आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली, "यू हॅव टू पुट अप विथ मी." तू माझ्याकडे बघितलंस. "पुट अप म्हणाली ना? मग रडते कशाला?" मी सांगितलं, नुसतं पुट अप नाही, पुट अप विथ म्हणाली, त्याचा अर्थ वेगळा. नाइलाजाने सोसणे. तुम्हाला मला सोसावं लागतंय, असं म्हणते आहे. "विथ लावलं की सोसणं होतं?" तू विचारलंस. मी हो म्हटलं. तू वाटी खाली ठेवलीस, पदराने तिचे डोळे पुसलेस आणि तिच्याकडे बघत सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणालीस, "नो विथ. आय पुट यू अप." आणि लगेच, "समझी? अब खा."

ती तुझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंड उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटी संपली.

मला मात्र वाटलं, तू चुकलीस. माझ्या पुस्तकात ‘पुट’ आणि ‘अप’ कायम जोडीने छापलेले होते. ‘यू’ असा मधे घुसवता येतो, हे मला माहीत नव्हतं, मग तुला मी शिकवणार कुठून? पुढे कॉलेजात बाईंनी तो नियम फळ्यावर लिहिला तेव्हा मला तुझं ते वाक्य आठवलं. आई, तू बरोबर होतीस. माणूस कुठे ठेवायचा ते तुला कोणी सांगितलं होतं? वरच्या मजल्यावर कोणा यात्रेकरूकडून ऐकलं होतंस, की तुझ्या जिभेला आपोआपच तसं वळण मिळालं?

ती बरी झाली. चालायला लागली तेव्हा तुझ्या दंडाला धरून घाटाच्या पायऱ्या उतरली. नावेत बाबांनी मंत्राचा एकेक शब्द सांगितला आणि तिने तो मोडत मोडत म्हटला. बाबांनी एकदाही टोकलं नाही. अस्थी तिने स्वतःच्या हाताने सोडल्या. जाताना तुझ्या पाया पडली, आणि तू तिच्या हातात मेतकुटाची पुडी दिलीस. दर वर्षी तिचा फोन यायचा. तू गेल्याचं मी तिला कळवलं तेव्हा तिने मेतकूट कसं करायचं ते विचारलं, आणि मी फोनवरच सगळं सांगितलं.

हे पत्र गंगेत सोडायचं मनात आलं होतं, पण कागद भिजून शाई विरघळलेली मला बघवणार नाही. माझ्याजवळच राहू दे. एक मात्र सांगते. तुला गंमत वाटेल म्हणून मी हे आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. ‘डियर मदर’ लिहिलं आणि पेन अडलं, कारण ती दुसरीच कोणी बाई वाटायला लागली. जन्मभर इंग्रजी शिकवते आहे, पण तुला हाक मारण्याइतकं ते मला अजून येत नाही.