नाओला आवाज कुणाचा

रवि. ७ सप्टें.
पापाटोएटोला इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा काय करायचं, यावर समोसे संपेपर्यंत चर्चा. फॅशन शो नको, नाटक बसवायला वेळ नाही. मी आपली बोलून गेले, मुलं दिवसभर ते जपानी ॲनिमे बघतात, त्यातलाच एक तुकडा पडद्यावर लावू, आवाज बंद करू आणि माइकवरून त्यांनाच मराठीत बोलू दे. कुंदाताई (सांस्कृतिक समिती. म्हणजे त्या एकट्याच) लगेच, "अगं मेधा, झकास! मग तूच कर." घ्या. तोंड उघडायची शिक्षा. इतक्या वर्षांत अक्कल येऊ नये म्हणजे काय!

मंगळ. ९ सप्टें.
इराला विचारलं, कुठलं ॲनिमे घेऊ? आधी खांदे उडवले. तेरा वर्षांचे खांदे. मग, "ऑब्व्हियसली द बॅडमिंटन वन, मम."
पहिला भाग मी कॉलेजात टीव्हीवर हिंदीत बघितलेला. हिरोवर जीव होता. दुसऱ्या भागात तो बाप झालाय, पोट सुटलंय, मुलीची रॅकेट हातात घेऊन मागे मागे फिरतो. मुलगी म्हणजे नाओ, आता हिरॉईन ती. मूळ चित्रकथेची पुस्तकं वर्षानुवर्षं येतच आहेत, संपायचं नाव नाही. मी कायम म्हणते, शिळ्या कढीला ऊत. इरा म्हणते, "यू जस्ट हेट दॅट ही गॉट ओल्ड." हो, हेट करते. माझ्याच वयाचा आहे मेला.

रवि. १४ सप्टें.
नाओचा बापाच्या जुन्या क्लबातला पहिला दिवस, तो तुकडा ठरला. संवाद लिहायला बसले. वाटलं तितकं सोपं नाही. तिचं तोंड मिटतं तरी माझं वाक्य चालूच. पहिला खर्डा अभिला वाचून दाखवला: "मी तुझा दारुण पराभव करीन!" नवरा सोफ्यावरून खाली. म्हणे, बॅडमिंटन आहे की पानिपत? कात्री लावली. "हरवेन तुला." तोंडात बरोब्बर बसलं.
तुकडा कापणं, कोणी कधी बोलायचं त्याच्या खुणा, सगळं इराने केलं. एकदम सराईत.

शनि. २० सप्टें.
मुलांना कामं वाटली. नाओचं काम शार्वरीला दिलं. इराच्याच वर्गातली, जूनमध्ये पुण्याहून आली. मराठी कसं खणखणीत! कुंदाताई खूश. इरा लॅपटॉपवर बसणार, हे मी धरूनच चालले होते.
फ्लॅट बुशला घरी आलो. गॅरेजमध्ये शिरल्यावर, "यू डिडन्ट ईव्हन आस्क मी."
म्हटलं, तुला कुठे बोलायचं असतं मराठी?
दार आपटून गेली. मागच्या दिवाळीत स्टेजवर निवेदन करत होती, तिच्या उच्चारांना सगळा हॉल हसला. प्रेमानेच हसले, पण पोरीला काय कळणार प्रेमाने की कशाने? तेव्हापासून घरातसुद्धा मराठी बंद. कळतं सगळं, उत्तर इंग्लिशमध्ये. मी मनात म्हणत होते, येईल परत आपोआप. पोराबाळांचं आपोआप काही येत नाही. एक दात सोडून.

सोम. २२ सप्टें.
अबोला. ऑफिसात लक्ष नाही. माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये लंच टाइमला जाऊन तिच्यासाठी नवा हूडी घेतला. लाच. स्वीकारली नाही.

गुरु. २५ सप्टें.
आज स्वतःहून खाली आली. हातात पुस्तक, दुसऱ्या भागाचा पहिला खंड. "सिट, मम." बसले.
तर प्रकरण असं. नाओ वाढली परदेशात, बापाच्या गावी आली ती एवढी मोठी झाल्यावर. तिला जपानी येतं, पण वाकडंतिकडं. तोंड उघडलं की सगळा क्लब हसतो. पुस्तकात हे पहिल्याच पानांत आहे. पण आधीचं ॲनिमे काढणाऱ्यांनी तिला अगदी गोड, स्वच्छ बोलायला लावलं आणि क्लब का हसतो तेच कुणाला कळेना! मग ते ॲनिमे अर्ध्यातच बंद पडलं. आता दुसऱ्या लोकांनी नव्याने काढलंय, त्यांनी आवाजाला परदेशात वाढलेलीच मुलगी घेतली. दोन्ही तुकडे लावून दाखवले. मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, पण फरक माझ्यासुद्धा कानाला कळला. नवी नाओ शब्दाआधी श्वास घेते. पायरी दिसत नसताना पाय टाकावा तशी.
मग इरा म्हणाली, "शीज सपोज्ड टू साउंड लाइक मी."
मी वेड्यासारखी कुकर बघायला उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

शुक्र. २६ सप्टें.
कुंदाताईंना फोन. नाओ इराला देऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, परत हसतील लोक. गेल्या वेळी पोर बाथरूममध्ये जाऊन रडली होती, मीच बाहेर आणली ना तिला?" हे मला माहीतच नव्हतं. आता काय करायचं? परत हसले तर ही जन्मात मराठीत तोंड उघडणार नाही. आणि मी पुन्हा नाही म्हटलं, तरी नाहीच उघडणार.
नाओ इराच करणार. सांगून टाकलं. कुंदाताई म्हणाल्या, "बघ बाई. आई तू."

शनि. २७ सप्टें.
शार्वरीला कसं सांगायचं? तिच्यासाठी वेगळा नारळाच्या वड्यांचा डबा नेला. सांगितलं. पोरगी उड्याच मारायला लागली. "काकू, मग मला ती खडूस कॅप्टन द्या ना! तिला नुसतं ओरडायचंय." वड्या खाल्ल्याच वर.

रवि. ५ ऑक्टो.
घड्याळं तासभर पुढे गेल्यापासून संध्याकाळ कशी लांबलचक. तालीम आमच्या डेकवर. इरा वाचते, पण ओठांतल्या ओठांत. संवाद रोमन लिपीत लिहून घेतलेत. "माझे बाबा इथेच खेळायचे" यातला झ काही केल्या येत नाही. मी सुधारायला गेले तर शार्वरी म्हणाली, "काकू, नका ना सांगू. चुकतंय तेच भारी वाटतंय." इरा तिच्याकडे बघत राहिली. चेष्टा की काय, ते ठरत नसावं. चेष्टा नव्हती.

शनि. ११ ऑक्टो.
आज सूर लागला. कॅप्टन ओरडते, "ए परदेशी, सर्व्हिस तरी येते का?" त्यावर इरा अशी काही उसळली की पलीकडचे काका फेन्सवरून डोकावले, "ऑल गुड?" आम्ही सगळे, "स्वीट ॲज, स्वीट ॲज!" (इथलं 'सगळं झकास'.) बापाचं काम अभि करतोय. पोट आहेच. संवाद फक्त एक, "जेवलीस का?" तोही चुकवतो.

मंगळ. २१ ऑक्टो.
घरचा फराळ झाला. चकल्या मऊ पडल्या, कोण बोलतंय. चकल्यांच्या डब्यात हात घालून इरा मला विचारते, "मम, व्हॉट इफ दे लाफ?"
म्हटलं, हसतीलच, प्रसंगच तसा आहे, पडद्यावरचा क्लबसुद्धा हसतो.
"नो. ॲट मी."
खोटं नाही बोलवलं. म्हटलं, माहीत नाही गं. मी पहिल्या रांगेत आहे.
"दॅट्स वर्स," म्हणाली आणि हसली.

शनि. १ नोव्हें.
कार्यक्रम!
हॉल खचाखच. आमचा नंबर जेवणाआधी, म्हणजे लोक भुकेलेले. पडदा उजळला. नाओ दारात, बॅग खांद्यावर. इरा माइकपाशी, चेहरा पांढराफटक. श्वास घेतला. "नमस्कार, मी नाओ. माझे बाबा इथेच खेळायचे."
आणि हॉल हसला. खो खो. पडद्यावरचा क्लबही हसतोय, पण हे हसू मागच्याच वर्षीचं, मी ओळखलं. मागून एक काका मोठ्याने, "अरे, ही तर आपली गेल्या वर्षीची!" अभिने माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत.
पडद्यावर नाओ पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधते. तिथे संवादच नाही, मी लिहिलेला नाही. इराने माइक जवळ ओढला आणि सावकाश, तिच्या त्या उच्चारांत म्हणाली, "हसून झालं? मग खेळू या. सर्व्हिस माझी."
टाळ्या. शिट्ट्या! पुढचे दोन संवाद त्यात बुडाले. शार्वरीने कॅप्टनचं वाक्य ओरडून मारलं, इराने परतवलं, आणि शेवटपर्यंत दोघी नुसत्या एकमेकींवर तुटून पडत होत्या. अभि "जेवलीस का?" विसरला. कुंदाताई विंगेतून ओरडल्या, "जेवलीस का गं?" सगळा हॉल, "नाही!"
मी रडले. रडणारच. ते काका जेवणाच्या रांगेत इराला शोधत आले, "बेटा, काय सर्व्हिस टाकलीस!" तिने "थँक यू, काका" म्हटलं आणि एक पापड जास्तीचा घेतला.
परत येताना गाडीत सगळं इंग्लिश.

रवि. २ नोव्हें.
सकाळी कुंदाताई शार्वरीला घेऊनच आल्या. त्यांना गुढीपाडव्याला दुसरा तुकडा हवाय. मोठी मॅच, बापलेकीचं भांडण वगैरे. चहा घेता घेता ठरवत होतो, तेवढ्यात शार्वरीने मुद्दा काढला. बरोबरच काढला. "काकू, पण त्या मॅचपर्यंत नाओ नीट बोलायला लागते ना? पुस्तकात तसंच आहे. मग तेव्हा मी नाओ करू का?"
कुंदाताई माझ्याकडे. मी चहाकडे. प्रश्न रास्त आहे. मी इराच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी तिलाच विचारलं.
इरा टोस्टला लोणी लावत होती. मान वर न करता, मराठीत, हळूहळू शब्द जुळवत म्हणाली, "पाडव्याला वेळ आहे. तोपर्यंत मी पण बोलेन की नीट."
शार्वरी म्हणाली, "बघू हं."
"बघ," इरा म्हणाली.