बंद पाकिटातलं उत्तर

दादा,

आज टपालानं नऊ पोस्टकार्डं आली, पन्नास पैशांची, आणि एक जाड पाकीट. पाकिटाला तिकीट कमी लावलेलं, म्हणून दंडाचे दहा रुपये माझ्याकडून गेले. आत चार पानं. प्रश्न एवढाच होता, की हे नाणं कोणतं.

तुम्ही गेल्यावर तुमचा नाण्यांचा डबा माझ्याकडं आला, आणि त्यामागून जिल्ह्यातली नाणेवाली मंडळीही आली. वर्षातून एकदा ती पोखर्णीला देवळाच्या ओवरीत जमतात. यंदा म्हणाली, "ताई, तुमचं काम चोख असतं. ओळखण्याची स्पर्धा तुमीच चालवा." मला आपला बापलेकीचा खेळ आठवला. मानवतच्या आडतीवरून घरी आलात, की माझ्या मुठीत नाणं द्यायचात आणि म्हणायचात, "डोळे मीट. अंगठ्यानं सांग, हाली का कलदार?" निजामाचं ते हाली, इंग्रजाचं ते कलदार. सहावीत असताना मी दहातली नऊ सांगायची.

म्हणून मी तुम्ही दिलेलं ते शेवटचं नाणं काढलं. तांब्याचं, जाड, दोन्ही बाजू गुळगुळीत. पाठकोऱ्या कॅलेंडरच्या कागदाखाली धरून वरून पेन्सिल घासली आणि ठसा एकेकाला पाठवला. मोबाइलवर उत्तरं घेतली नाहीत. तिथं एकाचं बघून दुसरा लिहितो. बक्षीस विकत आणायला जीव होईना, तुमचं भिंग ठेवलंय.

नियम असा, की खरं उत्तर आधीच पाकिटात घालून देवापुढं ठेवायचं आणि रविवारी सगळ्यांसमोर फोडायचं. पाकीट नरसिंहाच्या तसबिरीमागं आहे, लाखेनं बंद केलेलं. आत कोरा कागद आहे, दादा. मला कुठं माहीत होतं उत्तर? वाटलं, एवढी जाणकार माणसं, पाच-सहा जणांचं एकमत झालं की तेच लिहून दुसरं पाकीट करीन. देवापुढं खोटं ठेवलं मी.

आणि एकमत तर कशाचंच नाही. एकजण म्हणतो शिवराई, दुसरा म्हणतो हाली पैसा, त्याला त्यात तुघऱ्याचं, म्हणजे फारशी अक्षरांच्या नक्षीचं, वळण दिसतं. जिंतूरच्या दुकानदाराला घोडा दिसला. चार पानंवाल्यानं तर सूर्याचे किरण मोजून पाठवलेत. मी तोच कागद खिडकीशी धरून प्रत्येकाच्या डोळ्यानं बघते. घोडा म्हटलं की घोडा दिसतो, पुसलं मनातून की काहीच नाही. माणसाला आधी दिसतं का आधी वाटतं? स्वयंपाक सोडून मी हाच विचार करत बसते, हे चिडवतात, "आज वरणात नाणं टाकलंस का?"

परवा बोरीचे गुरुजी एसटीनं आले. शाळेतून निवृत्त, नाण्यांत तुमच्या खालोखाल. म्हणाले, "ठशावरनं न्हाई सांगत मी. नाणं दाखवा." दिलं. त्यांनी ते उन्हात तिरपं धरलं, नखानं चाचपलं.

"ताई, हे खिशात झिजलेलं न्हाई. खिशात उंचवटे झिजतात, खळगे राहतात. ह्याचे खळगेबी गेलेत. कुणी घासलं हे?"

हे बाजेवरून म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरी देवसुद्धा दरसाल बारीक व्हायलेत. चिंच, राख अन् हिचा हात."

गुरुजी हसले नाहीत. "लय वाईट झालं," एवढंच म्हणाले, चहा घेतला आणि गेले. उत्तराचं कार्ड त्यांनी दिलं नाही.

खरंच आहे. तुमच्या हातचं शेवटचं म्हणून ते नाणं मी देव्हाऱ्यात ठेवलं, लक्ष्मी म्हणून, आणि दर शुक्रवारी देवांबरोबर घासलं. तीस वर्षं. तुमचं म्हणून घासलं, आणि तुमचंच पुसलं. मंडळी विचारतात, "वडलांनी सांगितलं न्हाई का कोणतं हाय ते?" मी म्हणते, नाही, नुसतं हातावर ठेवलं आणि गेले.

रविवारी मी पाकीट फोडून कोरा कागद सगळ्यांना दाखवणार आहे. चोख म्हणतात ना मला, मग चोखच सांगीन. भिंग गुरुजींना द्यावं असं वाटतं; त्यांनीच एकट्यानं अंदाज केला नाही. पण त्यांना न सांगितलेलं एक आहे, ते इथं लिहिते. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहवतं.

त्या दिवशी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. माझे हात पिठाचे, तरी नाणं तळव्यावर ठेवलंत. मी डोळे मिटले नाहीत, अंगठाही फिरवला नाही. तुम्ही सांगितलं होतं दादा, नाव, साल, कुठून मिळालं, सगळं. तव्यावरची भाकरी करपत होती, आणि मी नुसतं "हं, हं" म्हणत होते.

ते एकदा पुन्हा सांगा. रविवारच्या आत, उलट टपाली कळवा.