सात नंबरची जागा

४ मार्च

पोचलो एकदाचे. अडीच तासांच्या प्रवासात आप्पा मला कंडक्टर समजत होते. दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, माझा स्टॉप आला का? मी म्हणायचो, अजून आहे, बसा. फाटक दिसल्यावर म्हटलं, आला, उतरा. तेव्हा शहाण्या प्रवाशासारखे उतरले आणि वर मला सांभाळून जा म्हणाले.

दोन वर्षं ताईनं त्यांचं सगळं केलं. आता माझी पाळी. डॉक्टर म्हणाले होते समुद्राची हवा मानवेल, आणि योगायोगानं काम मिळालं तेही समुद्रकाठच्या या जुन्या तोफखान्यात. इथं छोटं संग्रहालय करायचंय. मी वस्तू लावायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि पाहुण्यांसाठी तोफखान्याच्या इतिहासाची पुस्तिका लिहायची. राहायला अधिकाऱ्यांच्या जुन्या दोन खोल्या आहेत. भिंती हातभर जाड, खिडक्या समुद्राकडे. आप्पा खिडकीशी बसले ते उठायलाच तयार नाहीत. मला फार बरं वाटतंय.

५ मार्च

किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी सगळं फिरून दाखवलं. त्यांना सगळे किल्लीबाईच म्हणतात. त्यांच्या आईकडेही हेच काम होतं. बोलणं मोजकं, चाल तुरुतुरु.

तोफ केव्हाच भंगारात गेली. वर उरलाय तो एक गोल खड्डा आणि त्यात बोल्टांचं गंजलेलं कडं. एकोणीस पायऱ्या खाली उतरलं की दारूगोळ्याचं कोठार. तिथून वर तोफेपर्यंत भिंतीतून एक पितळी नळी जाते, खालच्यानं वरच्यांशी बोलायला. नळीच्या तोंडात लाकडी बूच ठोकलेलं आहे. किल्लीबाई म्हणाल्या, ते आमच्या आईनं ठोकलंय, काढू नका. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही हसाल. मी तेवढ्यावरच हसलो.

६ मार्च

दिवसभर जुने कागद. मजा येतेय. एका तोफेला सात माणसं: सहा वर आणि सातवा खाली कोठारात. कवायतीत कुणाला नाव नाही, फक्त नंबर. भिंतीवर अजून रंगवलेले पाच हुकूम दिसतात: मोजा, भरा, डागा, थांबा, उघडा. खाली बारीक अक्षरात नियम आहे, की मोजणी पूर्ण झाल्याशिवाय तोफ चालवू नये आणि कुणी जागा सोडू नये. जो पडेल त्याची जागा दुसऱ्यानं घ्यावी.

'थांबा' हा बार न उडाल्यास. आत दारू धुमसत असू शकते, म्हणून अर्धा तास तोफेचं मागचं दार उघडायचं नाही. शेवटच्या कवायतीला नेमकं तेच झालं. भर दुपारी बारा वाजता तपासणीला कोणी मोठे साहेब आले होते, त्यांना घाई होती. एकविसाव्या मिनिटाला त्यांनी दार उघडायला लावलं. सहाही जण जागच्या जागी गेले. साहेब लांब उभे होते, ते वाचले. सातवा कुठेच सापडला नाही. अहवालात त्याला फरारी ठरवलंय. पुस्तिकेत मी 'पळपुटा' लिहिलं. वाचकाला एक तरी भागूबाई लागते.

बूच पकडीनं उपटलं. सुंदर जुनं लाकूड. सुताराकडून रंधा मारून, पॉलिश करून घेतलं. वस्तू क्रमांक एक.

९ मार्च

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण आज मी रडलो.

दुपारी बाराला मी कोठारात वस्तूंवर नंबर रंगवत होतो, आप्पा स्टुलावर बसले होते. नळीतून आवाज आला: एक. मग दोन, तीन. सहा वेगवेगळे आवाज, आणि मग काही नाही. वर डागडुजीला येणाऱ्या गवंड्यांची चेष्टा असणार, असं वाटलं.

पण आप्पा उठून ताठ उभे राहिले. चौतीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होते ते. अर्धवट मोजणी या माणसाला कधी सोसलीच नाही. घरी जेवायला बसतानासुद्धा मोजणी व्हायची: ताई एक, मी दोन, आई तीन. एक जरी गैरहजर असला तरी कुणी ताटाला हात लावायचा नाही. ते नळीशी गेले आणि म्हणाले, "सात, हजर."

आवाज थेट मैदानावरचा. मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन नंबर, पाठ सरळ."

दोन वर्षांनी त्यांनी मला ओळखलं. ताईला फोन केला, तीही रडली.

१० मार्च

आप्पा सकाळी स्वतः दाढी करून तयार. आईचं माहेर कुठलं ते बरोबर सांगितलं. मी हवेत होतो.

बाराला पुन्हा कोठारात. मोजणी झाली, आप्पांनी सात म्हटलं. मग नळीतून हुकूम आला: भरा. आप्पांनी रिकामे हात पुढे केले आणि ते हात खाली वाकले, दोन मण वजन ठेवल्यासारखे. संध्याकाळी पाहिलं तर दोन्ही दंड काळेनिळे.

गवंडी वर आहेत का म्हणून विचारलं. किल्लीबाई म्हणाल्या, गवंडी तीन दिवस आलेलेच नाहीत.

११ मार्च

सकाळीच आप्पांना शहरात डॉक्टरांकडे नेलं. दंड दाखवायला म्हणून. खरं तर बारा वाजता इथं नसावं म्हणून.

बाराला ते डॉक्टरांच्या बाकावरून उठले. सात, हजर. माणसं हसली. मग त्यांचे खांदे दचकले आणि खोलीभर जळक्या दारूचा वास पसरला. तळवे काळे. फटाके कुठे मिळाले यांना, असं डॉक्टरांनी मलाच दरडावून विचारलं.

म्हणजे लांब जाऊन उपयोग नाही. काल 'भरा', आज 'डागा'. रोज एक हुकूम पुढे.

परत येऊन बूच ठोकायला गेलो. बसत नाही. रंध्यानं बारीक झालंय. माझीच हौस. चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट लिंपलं.

१२ मार्च

थांबा.

सिमेंटमधून आवाज स्वच्छ आला. आप्पा अर्धा तास हलले नाहीत. पापणी नाही. नाडी कशीबशी लागत होती. साडेबाराला धाडकन खाली बसले. पण मला ओळखतात अजून. हात धरून म्हणाले, दोन नंबर, घाबरतोस काय.

घाबरलोय, आप्पा. खूप.

किल्लीबाईंना गाठलं. या वेळी हसलो नाही. त्यांचे वडील इथं चुना मारायला आले होते. त्यांनीही गंमत म्हणून सात म्हटलं. पाचव्या दिवशी कोठाराच्या पायरीवर सापडले, भाजलेले. आसपास जाळाची खूण नव्हती. मग आईनं बूच ठोकलं. बाई म्हणाल्या, ते सहा जण मोजणी अडली म्हणून उभे असतात. ती पूर्ण केली की सगळं शेवटपर्यंत होतं.

उद्या पाचवा दिवस. उघडा.

भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला. जो पडेल त्याची जागा दुसऱ्यानं घ्यावी. पडायची वाट कशाला बघायची?

पण मी सात झालो तर आप्पा पुन्हा — ताईला हे सांगितलं नाही.

१३ मार्च

११.४०. आप्पांच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. कडी तशीच आहे. आप्पा खाली कोठारात आहेत. सिमेंट गळून पडलंय. वही खिशात, मीही खाली. किल्लीबाई पायरीवर थांबल्यात.

१२.००. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

आप्पांच्या तोंडावर हात ठेवला आणि मी म्हणालो. सात, हजर.

१२.०२. त्यांचे खांदे उतरले. डोळे पुन्हा तसेच झाले, रिकामे, सभ्य. माझ्याकडे बघून म्हणाले, "कंडक्टर, माझा स्टॉप आला का?"

"आला, आप्पा. उतरा."

सांभाळून जा म्हणाले. किल्लीबाईंनी हात धरून वर नेलं. पायऱ्या मी मोजल्या. एकोणीस.

१२.०४. सात नवा, म्हणून हुकूम पहिल्यापासून. भरा, डागा, लागोपाठ. हात मोडले की काय — बार उडाला नाही. थांबा.

१२.१२. बसचा हॉर्न. फाटकाबाहेर. बाईंना सांगितलं होतं, ताईकडे सोडा. गेले. गेले ते.

१२.१५. माझे पाय हलतात. मला वाटलं होतं हलणार नाहीत. जिना समोर, दार उघडं. आत्ता निघालो तर — पण मोजणी उणी पडेल. उद्या बाराला पुन्हा मोजतील. आप्पा कुठेही असले तरी उठतील.

थांबतो. अर्धा तास झाला की साडेबाराला सुटका. नाही, बारा चौतीसला. नियम तसाच आहे. फक्त कुणी उघडू नये.

१२.२१. वर कोणीतरी येरझारा घालतंय. कडक बूट. सहा जणांचा श्वास नळीत ऐकू येतो. तेही घाबरलेत. पोरंच आहेत, आवाजावरून.

१२.२४. साहेब विचारतायत किती वेळ. एक नंबर सांगतोय, अजून दहा मिनिटं, साहेब. साहेब म्हणतायत —

नळीत ओरडलो, उघडू नका. पुन्हा ओरडलो. वर जात नाही आवाज. कोणी ऐकत नाही.

सातवासुद्धा ओरडला असणार.

पुस्तिकेतला तो शब्द खोडायचा राहिला. ताई, तू खोड. तो फाटकाकडे धावलाच नव्हता. तो वर

१२.२५. तोफेच्या मागच्या दाराचा बोल्ट फिरतोय. एकोणीस पायऱ्या. धावतो. बोल्ट फिरवणाऱ्याचा हात धरता आला तर —